काट्यावर ठेवण्याआधी

न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. अश्वजितनं ते ढकललं, तेव्हा त्याचे वडील उकिडवे बसून दोन्ही हातांनी फोमचं पॅड पिळत होते. पिवळसर पाणी मोरीकडे वाहत होतं. बाजूला स्टुलावर छोटा वजनकाटा होता आणि नोंदींचा कागद.

भाऊरावांनी वर पाहिलं आणि पॅड पाठीमागे नेलं. मोताळ्यात पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, पण पोरानं चोरी लपवावी तसे हात मागे.

"बाबा, काय करून राह्यले तुमी?"

"आवाज देऊन यावं लागते," भाऊराव म्हणाले.

अश्वजित ओसरीत येऊन थांबला. ते पॅड त्यानंच बनवलं होतं. ज्यांना लघवी आवरत नाही, अशा माणसांसाठी कपड्याआड न दिसणारा, सगळं शोषून घेणारा मऊ फोम. दोन वर्षं तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याच्यामागे होता. ऑपरेशननंतर वडिलांना तोच त्रास सुरू झाला, तेव्हा महिन्यापूर्वी त्यानं पॅडची पिशवी घरी दिली. वापरलेलं पॅड काट्यावर ठेवायचं आणि वजन लिहायचं, एवढंच काम.

भाऊराव हात धुऊन बाहेर आले. गडद चौकड्यांची लुंगी सावरत खांबाला टेकून उभे राहिले. बसले नाहीत.

"रोज पिळत होते?"

"हो."

"काऊन पण?"

"आकडा लय मोठा येत होता." ते अंगणाकडे पाहत होते. "अन् कागद तूच वाचनार होता."

अश्वजित म्हणाला, "तुमच्या कमी आकड्यांवरून मी पॅड निम्मं पातळ केलं, बाबा. अन् रोहिणखेडच्या किसनरावले वापराले देलं. परवा त्यायच्या नातीचा साखरपुडा होता. पाहुण्यायच्या मधात सोफ्यावर बसले, अन् बसल्याबरोबर सगळं बाहेर आलं. उठताच येईना. लोकं जेवून गेले, तरी ते तसेच बसून राह्यले."

भाऊरावांनी डोळे मिटले.

"काय म्हनले किसनराव?"

"काहीच नाही. साहेब, तुमचं सामान घेऊन जा, एवढंच म्हनले फोनवर." अश्वजितचा आवाज चढला. "दाबलं की पॅड पाणी सोडते, हे तुमाले माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

तानाबाई चहा घेऊन दारात आली होती. तिनं कप खाली ठेवले.

"यायनं नाही सांगितलं, चुकलंच," ती मुलाला म्हणाली. "पन तू तरी कुठी इचारलं? पिशवी माह्यापाशी देली अन् पयाला."

खरंच, त्या दिवशी अश्वजित गाडी बंद न करताच फाटकात उभा होता. वडील आतून "कोन हाये?" म्हणाले, तेव्हा गिअर टाकून निघून गेला होता. त्यानंतर चार वेळा फोन केला, चारही वेळा आईला; कागदावरचे आकडेही तिनंच वाचून दाखवले.

भाऊराव आत गेले. चहा निवला, त्यावर साय धरली. ते बाहेर आले ते विहारात जाताना घालायचा पांढराशुभ्र पायजमा घालून.

"हे काऊन घातलं?" तानाबाईनं विचारलं.

"लुंगीत डाग दिसत नाही."

त्यांनी आतून लाकडी स्टूल आणलं आणि ओसरीच्या मधोमध, उन्हात ठेवलं. तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. मग हळूच, काहीतरी फुटेल अशा बेतानं बसले.

"नवीन पॅड लावलं हाये. घड्याळ पाह्य," ते मुलाला म्हणाले. "संध्याकाळी रोहिणखेडले चालू. किसनरावले मीच सांगतो."

अश्वजित फाटक लावायला निघाला.

"राहू दे उघडं. उगाच लपवाछपवी नोको आता."

रस्त्यानं एकजण सायकलवरून गेला. "जयभीम, गुरुजी!" भाऊरावांनी बसल्याजागी हात जोडले. एरवी ते उठून फाटकापर्यंत जात. तानाबाई आत गेली आणि उगाच भांडी आवरू लागली. ऊन खांबावरून सरकून भिंतीवर गेलं.

"झालं," पाऊण तासानं भाऊराव म्हणाले. आवाज एवढा बारीक होता, की अश्वजितला तो आधी कळलाच नाही.

ते उठले, पण वळवेना. स्टुलाची कड धरून क्षणभर तसेच उभे राहिले. मग मुलाकडे पाठ केली आणि दोन्ही तळवे भिंतीला टेकवले.

अश्वजित फरशीकडे पाहत होता.

"खाली नोको पाहू. इकडं पाह्य. कोन्या बाजूनं फुटलं, किती पसरलं, सगळं लिही."

अश्वजितनं खिशातून पेन काढलं आणि आपल्या बॅगेतून वही, फूटपट्टी. वडिलांच्या मागे गुडघे टेकून बसला. ओल्या कापडाचा वास आला. त्यानं पट्टी डागापाशी धरली.

"डाव्या कडेनं. अकरा सेंटीमीटर," तो म्हणाला आणि लिहू लागला.

"थांब जरा," भिंतीकडे पाहत भाऊराव म्हणाले. "अजून वाढून राह्यलं."