विझवलेलं झाड

सहा गवतवृक्षांना तुरे आले होते. सातव्याला आला नव्हता.

नेव्हिल डगनला ते उद्यानाच्या फाटकातूनच दिसलं. माणसापेक्षा उंच सहा तुरे, बारीक पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेले. फुलं आधी उत्तरेच्या अंगाला उमलली होती; इथे दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं. दक्षिणेकडे अजून कळ्याच होत्या. खाली काळी, जळकी खोडं. आणि मधोमध ते एक झाड, डोक्यावर नुसतं हिरवं गवत आणि कमरेला वाळक्या पात्यांचा घागरा, तळाशी जरासा करपलेला.

"तुझं पोर तेवढं मागे राहिलं बघ," ब्लूई म्हणाला.

"गप रे."

ब्लूई आणि नेव्हिल गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात तरुणपणापासून एकाच गाडीवर होते. एप्रिलमध्ये नेव्हिलच्या मुलीने, ब्रायडीने, हा वाफा मुद्दाम पेटवला, तेव्हाही दोघं गाडीपाशी होते. ब्रायडी या उद्यानाची वनस्पतितज्ज्ञ. हे झाड आग अंगावरून गेली की फुलतं, हे समितीच्या गळी उतरवायला तिला वर्ष लागलं होतं. नळी नेव्हिलच्या हातात होती आणि त्याने फक्त उभं राहायचं होतं. सहा झाडं जळून होईपर्यंत तो उभा राहिला. सातव्याचा घागरा पेटला, ज्वाळा शेंड्याकडे निघाली आणि त्याच्या हातांनी डोक्याला न विचारता पाणी सोडलं.

ब्रायडी फक्त "बाबा" एवढंच म्हणाली होती. गावच्या क्लबात मात्र अजूनही कुणी सिगारेट शिलगावली की ती विझवायला नेव्हिलला हाक जायची.

आज सप्टेंबरातला, इथल्या वसंताचा खुला दिवस. पावात घातलेल्या सॉसेजचा आणि परतलेल्या कांद्याचा वास बागभर पसरला होता. ब्रायडी इस्त्रीचा खाकी शर्ट घालून तुऱ्यांपाशी उभी होती. समितीच्या अध्यक्ष मार्गो पेनिंग्टन चहाचा कप घेऊन सावकाश वाफ्याभोवती फिरून आल्या. टेकडीवरचा मोठा वाफा पेटवायचा की नाही, हे आज त्याच ठरवणार होत्या. तिथल्या झाडांना फूल आलेलं गावात कुणालाच आठवत नव्हतं.

"देखणे आहेत, ब्रायडी. त्यात वाद नाही," मार्गो म्हणाल्या. "पण यंदा हिवाळ्यात पाऊसही किती झाला. अख्खं गाव फुललंय. माझे गुलाब बघ येऊन. त्यांना कुणी जाळलं नव्हतं."

आजूबाजूचे हसले.

"म्हणजे हे पावसाने आलं असं म्हणताय तुम्ही?"

"मी काहीच म्हणत नाही. लोक म्हणतील. टेकडीवर धूर दिसला की फोन मला येतात, तुला नाही. त्यांना सांगू काय?"

ब्रायडीने तोंड उघडलं. तिची नजर सातव्या झाडावर गेली, मग नेव्हिलकडे वळली. तिने तोंड मिटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिच्या आईच्याही अशाच व्हायच्या.

उत्तर तिच्या जिभेवर होतं. चारचौघांत आपल्याला वाचवायला ती ते गिळते आहे, हे नेव्हिलला कळलं.

त्याने हातातला पाव ब्लूईला दिला, वाफ्याभोवतीची दोरी ओलांडली आणि सातव्या झाडाजवळ जाऊन उभा राहिला.

"मार्गो, याला का आलं नाही, ते विचार ना."

"का आलं नाही?"

"याला मी विझवलं. एप्रिलमध्ये. राहवलं नाही मला."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. नेव्हिल थांबला नाही.

"माती तीच. ऊन तेच. वयानेही सगळी बरोबरीची, ब्रायडीला विचार. आणि पाऊस म्हणशील, तर तो याच्यावरही पडला."

तुऱ्यावर एक मधपक्षी येऊन बसला आणि फुलांत चोच खुपसत वर वर सरकत गेला. मार्गोंनी एक काळं खोड पाहिलं, वरचा तुरा पाहिला, मग करपलेला घागरा पाहिला. कपातला चहा तसाच राहिला.

"टेकडी कधी पेटवायची म्हणतेस?" त्यांनी ब्रायडीला विचारलं.

"एप्रिलमध्ये."

"आणि नळी कुणाकडे? नेव्हिल नको बाई."

"बाबांकडेच," ब्रायडी म्हणाली. "तिथेही एक झाड विझवायला कुणीतरी हवंच."

लोक दोरीच्या आत सरकले. पोरंबाळं घेऊन तुऱ्यांशेजारी फोटो काढायला रांग लागली. नेव्हिलने खिशातून फोन काढून ब्लूईला दिला, दलाच्या पिवळ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बिनतुऱ्याच्या झाडावर हात ठेवून ताठ उभा राहिला.

"अरे, फुलांजवळ तरी उभा राहा, गाढवा."

"इथेच काढ," नेव्हिल म्हणाला. "आणि झाड पूर्ण येऊ दे."