गजर होईपर्यंत

बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी ध्यान करायला सांगितलं. किशनरावांनी आधी "कुणाचा आवाज नक्को!" म्हणत घर दणाणून सोडलं, शिट्ट्या मारणारा कुकरही बंद करायला लावला आणि मोबाईलवर गजर लावून चटईवर बसले.

मन मात्र ठिकाणावर येईना. मलकपेठचा तुंबलेला रस्ता, पोराचं उलट बोलणं, ठणकणारा गुडघा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दबकं हसू आलं. खेकसायचं म्हणून त्यांनी एक डोळा उघडला. बायको आणि सून फरशीवर बसून चहात उस्मानिया बिस्किटं बुडवत होत्या.

"आई, बाबांनी डोळे उघडायच्या आत अजून एकेक कप घेऊ?" सून कुजबुजली.

"हौ, घे. पण हळू बोल."

किशनरावांनी उघडलेला डोळा हळूच पुन्हा मिटून घेतला.


गजर वाजून वाजून थांबला, तरी किशनरावांनी डोळे उघडले नाहीत.