अठ्ठावीस बिऱ्हाडांची पसंती

हेमलता राऊळ यांनी नाइलाजाने मनगटावर पट्टा बांधला. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत प्रेक्षकांची मतं आता हाच पट्टा घ्यायचा. मनापासून आवडलं तरच मत पडे. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या भालेरावकाकांची नात त्या स्पर्धेत गायली. बाईंनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, पण त्यांच्या पट्ट्याने शून्य दाखवलं. तेव्हापासून काका त्यांच्याशी बोलत नव्हते.

आज सोसायटीच्या सभेत, इमारत पाडून टॉवर बांधायची संमतीही सगळ्यांनी पट्ट्यावरच द्यायची होती. सेक्रेटरी म्हणून दारोदार फिरून टॉवरसाठी सह्या बाईंनीच गोळा केल्या होत्या, आणि टॉवर त्यांनाच नको होता.

बिल्डरच्या माणसाने पडद्यावर टॉवर दाखवला. पोहायचा तलाव आला, काचेची लिफ्ट आली. आता आपलं पितळ उघडं पडणार, म्हणून बाईंनी डोळे मिटून घेतले.

"अठ्ठावीसपैकी शून्य," तो माणूस पुटपुटला.

बाईंनी डोळे उघडले. "काका, पहिली सही तर तुमचीच होती."

"तुम्ही दारात उभ्या. नाही कसं म्हणणार?" काका महिन्याभराने बोलले. "भिडेपोटी केली."

"अहो, मीही तुमच्या सगळ्यांच्या भिडेपोटीच फिरले," म्हणताना बाईंना हसू फुटलं.

"पट्टे बिघडलेत," म्हणत त्या माणसाने फिल्म पुन्हा लावली, या वेळी अगदी पहिल्यापासून. पडद्यावर त्यांची जुनी इमारत आली, गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत घातलेली.

खाली आकडा उमटला, अठ्ठावीस.