बिनआवाजाचं भाषण

ऐन शेवटच्या प्रवेशात माझा आवाज गेला. लेकीची माफी मागणाऱ्या बापाचं सगळं भाषण अजून बाकी होतं, आणि समोर चाळीच्या पटांगणात रविवारच्या सुट्टीचे गिरणी कामगार दाटीवाटीनं बसले होते. हे प्रेक्षक नटाची गय करत नाहीत. आता शिट्ट्या होणार, चपला येणार, या धास्तीनं मी नुसतेच ओठ हलवत राहिलो.

कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या रांगेतला, कापड विणणारा एक दांडगा साचेवाला तर चक्क ढसाढसा रडत होता.

पडदा पडल्यावर मी त्याला गाठलं आणि कानाकडे बोट दाखवून खुणेनंच विचारलं, ऐकू आलं?

"आवो, ऐकायचं कशाला?" तो म्हणाला. "गिरणीत साचे सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येतंय व्हय? आमी दिवसभर वठावरनंच वळखतो. भांडतो बी तसंच."

मी पुन्हा रंगमंचावर गेलो, हात जोडले आणि आवाजाशिवाय म्हणालो, "उपकार झाले."

सगळ्या पटांगणाचे ओठ एकदम हलले. आवाज नाही, टाळी नाही. तरी मला लख्ख वाचता आलं.

"परत या."