हिरवा दिवा

दीक्षा शाळेच्या कमानीखालून गेली आणि दिवा हिरवा लागला.

"बाई, पोरगी निवली एकदाची!" शिपाई गुलाबराव हरखून म्हणाले.

वस्तीत तिच्या भावाला भोसकलं, तेव्हापासून तिच्या अंगातला राग ओळखून कमान रोज लाल व्हायची. मग राग उतरेपर्यंत आवारातल्या कडुलिंबाला पाणी घालायचं, हा शाळेचा नियम. आज मात्र ती थेट वर्गाकडे निघाली. मारेकऱ्याची बहीण त्याच वर्गात होती.

वानखडे बाईंची नजर तिच्या दप्तरावर गेली. त्याही याच वस्तीतल्या. त्यांचा थोरला भाऊ सुरा घेऊन बाहेर पडला, त्या सकाळी त्यानं निवांत चहा पिऊन कप विसळून ठेवला होता. कमानीला राग कळतो, मनाशी पक्कं ठरवलेलं कळत नाही.

बाईंनी धावत जाऊन दीक्षाला कमानीखाली परत आणलं.

"दप्तर दे, बाळा."

"नाही."

"तुझा दादा माझे खडू चोरायचा. तुला बिल्लस खेळायला चौकोन आखून द्यायला."

दीक्षानं दप्तर भिरकावलं. आत लोखंड खणकलं.

"मग त्याला का मारलं?" ती किंचाळली.

दिवा लालभडक झाला, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

"गुलाबराव," त्या म्हणाल्या, "दोन बादल्या भरा. मीही घालते पाणी."