धुतलेली दुपटी

जावयाने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"ती झोपलीय, आई," तो फटीतून म्हणाला. मागच्या सुटीलाही ती झोपलेलीच होती.

सासूने बाळाचं विचारलं. तेही झोपलंय म्हणाला आणि त्याने नजर चुकवली. गोरा चेहरा लालबुंद झाला होता. तिने दुपट्यांची पिशवी पुढे केली. ती फटीतून जाईना.

"असू दे. मी बसते इथे," ती म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर टेकली.

नात महिन्याची झाली होती. आजीने अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

जावयाला तुझी लाज वाटत असणार, असं हॉटेलच्या धुलाईघरातली सोबतीण म्हणाली होती. आपली तोंडं यांच्या घरात खपत नाहीत. ते तिला पटलं होतं. या देशात तिची हयात तळघरात चादरी धुण्यात गेली. एकदाच टॉवेल घेऊन वर गेली, तर पाहुण्या बाईने ते चिमटीत धरून परत धुवायला टाकले. ब्लीचने तिच्या बोटांची टोकं पांढुरकी पडली होती. मुकादमीण हसून म्हणायची, चला, तेवढी तरी गोरी झालीस.

मायदेशात तरी काय वेगळं होतं? तिला बघायला आलेले धाकट्या बहिणीला पसंत करून जायचे. सासरी जाऊबाई फोटोत तिला मागे उभं करायची.

मुलगी तिच्यावरच गेली. इथल्या शाळेत पहिल्याच दिवशी पोरांनी तिचा हात खोडरबराने घासून पाहिला, रंग जातो का म्हणून. पोर हुंदके देत घरी आली. त्या संध्याकाळी आईने तिला पुढ्यात घेऊन आंघोळ घातली. दोघी खूप रडल्या. तेव्हापासून मुलगी भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची.

आत बाळ रडलं. ती धडपडत उठली.

"काळी आहे ना पोर? म्हणून लपवताय ना माझ्यापासून?" ती फटीतून म्हणाली. "जावईबापू, माझ्या रंगाची लाज तुम्हाला. त्या लेकराने काय केलंय?"

जावई हळूच म्हणाला, "मीच तिला रोज सांगतो आई, एकदा तरी दार उघड म्हणून."

साखळी निघाली. दारात मुलगी उभी होती, एकटीच. नवरा आत बाळाकडे गेला. तिने पिशवीतलं एक दुपटं काढलं. पांढरंशुभ्र होतं. नाकाला लावून पाहिलं आणि घडी न मोडता परत ठेवलं.

"तुझ्यासारखीच आहे," ती म्हणाली. "सावळी बिवळी नाही. चांगली काळी."

"मग दाखव की, बाई. लांबूनच बघते."

मुलीने मान हलवली. घरातच होती म्हणून बाह्या वर सरकवलेल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती, पांढुरकी, आईच्या बोटांच्या टोकांसारखी.

"नको, आई. तू तिला आंघोळ घालशील."