इतवारीचं बिल

बायकोचं, जयवंताचं मनगट दुखायचं, म्हणून वामनरावांनी तुरीच्या शेंगा सोलायचं हातयंत्र घडवलं आणि त्याचं पेटंटही घेतलं. दिल्लीच्या कंपनीने त्याची नक्कल केली, तेव्हा त्यांनी नागपूरच्या कोर्टात दावा ठोकला. कंपनीचा वकील म्हणाला, "आमचं यंत्र नागपुरात विकलंच जात नाही, खटला दिल्लीत चालवा." "माह्याच्यानं दिल्लीले जाणं होत नाही," पारशिवनीला घरी परतल्यावर वामनराव म्हणाले. "नागपुरात विकल्याचं बिल भेटलं असतं तर..." जयवंता उठली. धान्याच्या कोठीमागून तिने कंपनीचं यंत्र काढलं, नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाचं बिल त्यावर ठेवलं. ग्राहकाच्या जागी तिचंच नाव होतं. वामनराव कोर्टाच्या तारखेला गेले की ती याच यंत्रावर शेंगा सोलायची. आता खटला नागपुरातच राहणार होता. वामनरावांनी यंत्राची मूठ फिरवून पाहिली. "तुह्या हाताले हे माह्यापेक्षा हलकं जाते का वं?" जयवंताने मनगट पदराखाली घेतलं.